आत यायला परवाना, बाहेर जायलाही परवाना

मराठी माणसाला ब्रह्मदेश म्हटलं की दोन कैदी आठवतात. मंडालेच्या तुरुंगातले टिळक आणि रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवलेला थिबा राजा. एकाला इंग्रजांनी इथून तिकडे नेलं, दुसऱ्याला तिकडून इथे आणलं. दोघांचा प्रवास सरकारी खर्चाने आणि सरकारी बंदोबस्तात झाला. पण त्याच काळात बोटीच्या डेकवर दाटीवाटीने बसून बंगालचा उपसागर ओलांडणारे लाखो लोक होते, ते आपल्या आठवणीत कुठेच नाहीत. ते बहुतेक तेलुगू, तमिळ, उडिया, चितगावचे बंगाली. मराठी फारसे नव्हते, म्हणूनही असेल.

हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे 'समतोल'. स्थलांतराचा वाद निघाला की एक शहाणा सूर हमखास लागतो. देशाला दार बंद करायचा हक्क आहे. काळ युद्धाचा असेल तर तो हक्क दुप्पट आहे. पण शेजाऱ्याशी संबंधही जपायला हवेत. तेव्हा दोन सरकारांनी टेबलाशी बसून समतोल काढावा आणि इतरांनी भावनिक होऊ नये. ऐकायला हे इतकं समंजस वाटतं की विरोध करणारा आपोआप भाबडा ठरतो. माझं म्हणणं असं की या समतोलात तराजूच्या दोन्ही पारड्यांत सरकारंच बसलेली असतात. ज्या माणसांचं वजन करायचं म्हणून तराजू काढला, ती माणसं पारड्यात कधी चढतच नाहीत. १९४१ साली रंगूनमध्ये नेमकं हेच झालं, आणि पुढच्या दहा महिन्यांत त्याचा हिशेब रस्त्यावर मांडला गेला.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्रजांनी ब्रह्मदेश तीन युद्धांत गिळला आणि हिंदुस्थानचा एक प्रांत करून टाकला. त्यामुळे मद्रासहून रंगूनला जाणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मद्रासहून मुंबईला जाण्यासारखंच होतं. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात भाताची शेती फोफावली, गिरण्या आल्या, गोदी आली. या सगळ्याला हात हवे होते. आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम उचल देऊन टोळी बांधतो ना, अगदी तसाच तिकडचा मेस्त्री आंध्रच्या किनाऱ्यावरून टोळ्या बांधून नेई. १९३१च्या जनगणनेत ब्रह्मदेशाच्या सुमारे १ कोटी ४६ लाख वस्तीत १० लाखांवर भारतीय होते. रंगून शहरात तर निम्म्याहून जास्त. गोदीतले हमाल, रिक्षावाले, भंगी, कारकून, डॉक्टर, पोलीस, सावकार, सगळे.

मंदी आली तेव्हा भाताचा भाव कोसळला आणि बर्मी शेतकऱ्याची गहाण जमीन चेट्टियार सावकारांकडे जाऊ लागली. खालच्या ब्रह्मदेशातल्या १३ मुख्य भात-जिल्ह्यांत १९३० साली साधारण ६ टक्के जमीन चेट्टियारांकडे होती. १९३७-३८पर्यंत ती २५ टक्क्यांच्या घरात गेली. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा, कारण बर्मी राग खोटा नव्हता. ज्याची चौथाई जमीन दहा वर्षांच्या आत परक्या सावकाराच्या वहीत गेली, त्याला वंशद्वेष्टा म्हणून मोकळं होणं ही आपल्या बाजूची जुनी लबाडी आहे. १९३०च्या मे महिन्यात रंगूनच्या गोदीत आणि १९३८च्या उन्हाळ्यानंतर जवळजवळ देशभर दंगली झाल्या. दोन्ही वेळा मार खाल्ला तो प्रामुख्याने गरिबांनी. जमीन सावकाराने घेतली आणि डोकं हमालाचं फुटलं.

१ एप्रिल १९३७ला ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. आता तो स्वतंत्र वसाहत होता, त्याचं स्वतःचं विधिमंडळ होतं आणि पंतप्रधानही. १९३८च्या दंगलींच्या चौकशीतून मागणी पुढे आली की भारतीयांच्या येण्याचा नीट अभ्यास व्हावा. ते काम जेम्स बॅक्स्टर या अधिकाऱ्याकडे गेलं. त्याने आकडे गोळा केले आणि १९४०मध्ये अहवाल दिला. त्यातला मुख्य निष्कर्ष कुणालाच सोयीचा नव्हता. भारतीय मजुराने बर्मी मजुराला हाकलून त्याचं काम घेतलं असा पुरावा मिळत नाही, तो बहुतांशी पूरक आहे, असं तो सांगत होता. पुढे नियंत्रण आणायचंच असेल तर ते एकतर्फी नको, दोन्ही सरकारांच्या संमतीने व्हावं, अशी त्याची शिफारस होती.

गंमत पहा. अहवालाच्या पहिल्या भागात निदान आहे आणि दुसऱ्या भागात औषध. सरकारांनी निदान बाजूला ठेवलं आणि औषध तेवढं घेतलं.

जून १९४१मध्ये सर गिरिजाशंकर बाजपेयी यांचं शिष्टमंडळ रंगूनला गेलं. (हेच बाजपेयी पुढे स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र खात्याचे पहिले महासचिव आणि नंतर मुंबई राज्याचे राज्यपाल झाले. माणूस अत्यंत हुशार होता यात वाद नाही.) समोर बर्मी पंतप्रधान ऊ सॉ यांचं सरकार होतं. युरोपात युद्ध पेटून जवळजवळ दोन वर्षं झाली होती. जपान चीनमध्ये घुसलेला होता. ब्रह्मदेशातून चीनला रसद नेणारा रस्ता जपानला खूश करण्यासाठी इंग्रजांनी १९४०मध्ये तीन महिने बंद ठेवून पाहिला होता. बर्मी तरुण राष्ट्रवादी जपानकडे झुकतायत ही धास्ती होतीच. तेव्हा ऊ सॉ यांना लोकांसमोर मिरवायला काहीतरी हातात देणं इंग्रजांना गरजेचं होतं. दुसरीकडे, हिंदुस्थानातही काँग्रेसने प्रांतिक सरकारं सोडलेली, वैयक्तिक सत्याग्रह चालू. तिथेही आणखी असंतोष नको होता. म्हणजे नाजूक समतोल!

आता प्रश्न असा की हे दोन पक्ष खरोखर दोन होते का? लंडनमध्ये हिंदुस्थानचा मंत्री होता लिओ अमेरी. ब्रह्मदेशाचा मंत्री कोण? लिओ अमेरी. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या हातामध्ये 'परराष्ट्र संबंध' चालले होते, आणि दोन्ही हात एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होते. मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एकच सर्व्हर स्वतःलाच विनंती पाठवून स्वतःच मंजूर करतो, त्याला चाचणी म्हणतात, करार म्हणत नाहीत.

करार जुलै १९४१मध्ये जाहीर झाला. त्याचं सार असं: १ ऑक्टोबरपासून जुनी मोकळीक संपेल. भारतीयांना ब्रह्मदेशात येण्यासाठी पासपोर्ट, व्हिसा किंवा परवाना लागेल. परवान्यांचे दोन वर्ग: एकात कायम राहायची मुभा, दुसऱ्यात ठरावीक मुदत. अकुशल मजुरांसाठी कोटा. आधीपासून राहणाऱ्यांमध्ये पायऱ्या: तिथेच जन्मून वाढलेले एक, आणि जुलै १९३२ ते जुलै १९४१ या नऊ वर्षांत एकूण सात वर्षं राहिल्याचं दाखवू शकणारे दुसरे. बर्मी स्त्रीशी लग्न केलं किंवा संबंध ठेवला तर परवाना धोक्यात, असंही एक कलम होतं. करार पूर्णपणे अमलात यायला वेळ होता, पण अकुशल मजुरांना ब्रह्मदेशात जायला बंदी मात्र लगेच घातली गेली. घाई नेमकी कुणाच्या बाबतीत झाली, बघा.

सात वर्षांच्या अटीवर जरा थांबू. कागदावर ती उदार दिसते. पण मजुराचं आयुष्य कसं होतं? तो येई, दोन-तीन वर्षं राबे, उचल फेडी, गावी जाई, लग्नकार्य-पेरणी उरकून पुन्हा येई. वीस वर्षं ब्रह्मदेशात घाम गाळलेला माणूसही त्या विशिष्ट नऊ वर्षांत सात भरेलच असं नव्हतं. आणि भरले तरी दाखवणार काय? मुकादमाची वही मुकादमाकडे. डेकचं तिकीट कोण जपून ठेवतं? सात वर्षांचा पुरावा कुणाकडे असतो, तर दुकानदाराकडे, कारकुनाकडे, आणि खातेवही ठेवणाऱ्या सावकाराकडे. ज्या चेट्टियारामुळे बर्मी शेतकरी चिडला होता, तो या गाळणीतून अलगद पार होणार होता. जो अडकणार होता, त्याच्याबद्दल बॅक्स्टरनेच लिहून ठेवलं होतं की याने कुणाचं काम हिसकावलं नाही. आसाममध्ये अलीकडे कागदपत्रांच्या रांगा लागल्या तेव्हा कुणाचे कागद सापडले नाहीत, हे आठवून पहा. गाळणीची जाळी तीच आहे.

हिंदुस्थानात करारावर टीकेची झोड उठली. गांधीजींनी जाहीर निषेध केला, मध्यवर्ती विधिमंडळात चर्चा झाली. पण त्या टीकेतही अपमानाचाच सूर मोठा होता. हिंदी माणसाला परका कसा ठरवलात, आमच्या भांडवलाचं काय, आमच्या इभ्रतीचं काय. इभ्रत महत्त्वाची असते, मान्य. पण कोरंगी हमालाची रंगूनमधली खोली, जिथे चौघांच्या जागेत पंधरा जण पाळीपाळीने झोपत, तिच्याबद्दल बोलणारे कमी होते. त्याच जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार जाहीर झाला आणि परदेशस्थ भारतीयांचं नवं खातं आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांकडे आलं. टिळकांचा हा निष्ठावंत शिष्य. गुरूने ज्या देशात सहा वर्षं कैद भोगली, त्या देशातल्या लाखो भारतीयांची जबाबदारी शिष्याकडे, तीही इंग्रजांच्या मंडळात बसून. अण्यांनी तेव्हा ते पद घ्यावं की नाही यावर मराठीत पुष्कळ वाद झाले. त्या पदावर असताना समोर काय वाढून ठेवलं होतं, याची चर्चा मात्र मी क्वचितच वाचली आहे.

२३ डिसेंबर १९४१. जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले. आश्रय घ्यायला धड जागा नव्हती, लोक रस्त्यावर उभे राहून आकाशाकडे पाहत होते. हजारो मेले. नाताळच्या दिवशी पुन्हा हल्ला. हमाल, भंगी, गिरणी कामगार, सगळे मिळेल ती वाट धरून शहराबाहेर पडले. हजारो पावलं प्रोमच्या रस्त्याला लागली.

आणि सरकारला एकदम साक्षात्कार झाला की हे लोक गेले तर गोदी बंद पडते. जहाजातून दारूगोळा उतरणार कसा? मैला कोण काढणार? पाच महिन्यांपूर्वी ज्यांना 'अकुशल' म्हणून दारात अडवलं होतं, त्यांच्याशिवाय रंगून एक आठवडा चालू शकत नव्हतं. मग त्यांना परत फिरवण्याची धडपड सुरू झाली. प्रोमला इरावती ओलांडू न देणं, आश्वासनं देऊन परत आणणं, हे सगळं झालं. आणि धडधाकट भारतीय पुरुषाला परवानगीशिवाय बोटीचं डेकचं तिकीट मिळणार नाही, असा नियम आला. वरच्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्याला ही अडचण नव्हती.

जुलैत आत यायला परवाना. जानेवारीत बाहेर जायला परवाना. माणूस तोच, बोट तीच, डेक तोच. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर क्रूरतेची नाही, सातत्याची. दोन्ही नियम एकाच विचारातून निघाले आहेत. मजूर म्हणजे नळाचं पाणी. तोटी कधी इकडे फिरवायची, कधी तिकडे.

'युद्ध होतं हो, काय करणार' हे उत्तर इथे येतंच. ठीक आहे, युद्धात गोदी चालू ठेवावी लागते. पण ज्याला तुम्ही थांबायला भाग पाडता, त्याला आश्रयाची जागा, धान्य आणि वेळ आली की निघण्याची हमी द्यावी लागते. ८ मार्च १९४२ला रंगून पडलं. तोवर समुद्रमार्गे सुमारे ७० हजार लोक निसटले असतील. उरलेल्यांपुढे डोंगर होते. काही टौंगुपच्या घाटातून आराकानच्या किनाऱ्यावर उतरून चितगावकडे गेले; त्या वाटेवर पाणी नव्हतं आणि कॉलरा होता. काही मंडालेच्या छावण्यांतून तामू, पालेल, इंफाळ करत दिमापूरला. शेवटी निघालेले हुकाँगच्या खोऱ्यातून, मे-जूनच्या पावसात, गुडघाभर चिखलातून लेडोकडे. एकूण चार ते पाच लाख लोक चालत आले. वाटेत किती मेले याचे अंदाज १० हजारांपासून ५० हजारांच्या पुढेपर्यंत जातात. अंदाजांत एवढी तफावत का? कारण कुणी मोजलंच नाही. ज्या राज्याने नऊ वर्षांतली सात वर्षं मोजायची तयारी केली होती, त्याला प्रेतं मोजायला माणूस मिळाला नाही.

तामू-पालेलच्या वाटेवर गोऱ्यांसाठी एक बरी वाट आणि काळ्यांसाठी दुसरी, असा आरोप झाला. सरकारने असा भेदभाव हे धोरण असल्याचं नाकारलं. धोरण नसेलही. उन्हाळ्यात अणे स्वतः आसामात गेले, बरोबर हृदयनाथ कुंझरू होते, गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. दोघेही नेमस्त, शब्द तोलून वापरणारे. त्यांनी निर्वासितांची दशा पाहिली आणि भेदभावाची तक्रार खरी असल्याचं सांगितलं. काँग्रेसनेही ठराव केला. तोपर्यंत पाऊस सुरू व्हायला आला होता.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो. तो करार पूर्णपणे अमलात आलाच नव्हता. मग त्या लाँग मार्चचा दोष कराराला कसा? दोष कराराच्या कलमांना नाहीच. जुलै ते डिसेंबर हे सहा महिने जपान जवळ येतोय हे दिसत होतं. त्या काळात दोन सरकारांमध्ये भारतीयांच्या प्रश्नावर भरपूर शाई सांडली. कोटा, परवाने, वर्ग, मुदती. इंफाळकडे मोटार जाईल असा रस्ता, वाटेवर धान्याचे साठे, शहरात पुरेसे खंदक, यांवर त्याच्या पावपट तरी डोकं चाललं असतं तर? पण तो विषय 'संबंधां'चा नव्हता. संबंध जपण्यासाठी कागद लागतो, रस्ता लागत नाही.

ज्या संबंधांसाठी हे केलं, त्यांचंही काय झालं ते पहा. ऊ सॉ शरद ऋतूत लंडनला गेले, चर्चिलने त्यांना स्वराज्याचं वचन द्यायला नकार दिला, परतीच्या वाटेवर ऊ सॉ यांनी लिस्बनमध्ये जपान्यांशी संधान बांधलं आणि जानेवारीत इंग्रजांनी त्यांना अटक केली. ज्यांना खूश ठेवायला लाखोंच्या आयुष्यावर शिक्के मारले, ते गृहस्थ सहा महिनेही खूश राहिले नाहीत. आणि बर्मी शेतकऱ्याला जमीन? तीही या कराराने परत मिळणार नव्हती.

नियम मात्र चिवट असतात. १९४७मध्ये ब्रह्मदेशात स्थलांतरावर आणीबाणीचा म्हणून एक कायदा झाला. नावातच 'तातडीच्या तरतुदी' आहेत. तो आजही वापरात आहे. रोहिंग्यांना तुरुंगात टाकायला त्याचा उपयोग झाला आहे. १९६२नंतर ने विनच्या राजवटीत दुकानं सरकारजमा झाली आणि लाखो भारतीय पुन्हा निघाले, या वेळी बोटीने.

आता तीच वाट उलट्या दिशेने पाहू. तामू अजून तिथेच आहे, आणि पलीकडे आपलं मोरे. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, लोक पळून मिझोराम-मणिपूरकडे येऊ लागले. दिल्लीने सीमेवरच्या राज्यांना सांगितलं की येणाऱ्यांना रोखा. मार्च २०२१च्या अखेरीस मणिपूर सरकारने जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं की अन्न-निवाऱ्याच्या छावण्या उघडू नका. ओरड झाल्यावर तीन दिवसांत ते पत्र मागे घेतलं. मिझोरामने मात्र दार उघडं ठेवलं. लष्करी राजवटीशी आपले संबंध आहेत, बंदराचे-रस्त्यांचे प्रकल्प आहेत, चीनची भीती आहे. म्हणजे पुन्हा तोच नाजूक समतोल. फेब्रुवारी २०२४मध्ये सीमेवरची मुक्त ये-जा बंद करायची घोषणा झाली, आणि १,६४३ किलोमीटर कुंपणाचीही.

मणिपूरमधला हिंसाचार, अमली पदार्थ, शस्त्रं, हे प्रश्न खरे आहेत, चेट्टियारांच्या जमिनीइतकेच खरे. म्हणूनच विचारायला हवं की उपाय नेमका कुणावर होतोय. २०२३मध्ये गृह मंत्रालयाने म्यानमारहून आलेल्यांचे बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद करायला सांगितलं. मिझोरामने तेव्हा नकार दिला. अशी प्रणाली बांधणं माझ्या धंद्यात अवघड काम नाही. नाव, गाव, ठसे, फोटो, प्रवेशाची तारीख. चार जणांची टीम काही आठवड्यांत उभी करेल, आणि आमच्यातले बरेच जण स्वतः अमेरिकन व्हिसाच्या रांगेत उभे असूनही बिनदिक्कत करतील. त्या फॉर्ममध्ये नोंद झालेल्या माणसाला धान्य कोण देणार, पोराला शाळेत कोण घालणार, परत पाठवायचं ठरलं तर सीमेपलीकडे त्याला गोळी लागणार नाही हे कोण पाहणार, असे रकाने नसतात. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे ते रकाने टाका असं सांगायला कुणी बांधीलही नाही.

मी सीमा पुसून टाका म्हणत नाही. नोंद ठेवा, तपासा, गुन्हेगाराला पकडा. पण ज्या आदेशाने ठसे घ्याल त्याच आदेशात, त्याच दिवशी, धान्याची तरतूद आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहा. नसेल लिहायचं, तर त्याला समतोल म्हणू नका. १९४२च्या मे महिन्यात इंफाळच्या वाटेवर जे चालत होते, त्यांना मणिपूरच्या आणि नागा डोंगरातल्या गावांनी कोणत्या वर्गाचा परवाना आहे हे विचारलं नव्हतं.